काळी चार

बदनापूरच्या त्या शाळेत पेटी एकच होती आणि तिच्यावर वाजणारी पट्टीही एकच, काळी एक. कारण मुख्याध्यापकांचा गळा तिथे बसायचा. रोज प्रार्थनेला ते माइकसमोर डोळे मिटून उभे राहत, उमाबाई पेटीवर काळी एक धरत, आणि चारशे लेकरं त्या सुरामागे दावं लावल्यासारखी ओढली जात. ही पट्टी बाप्यांची. लहान लेकरानं ती खाली घ्यावी तर घशात घरघर होते, वर घ्यावी तर किंचाळी निघते. निम्मी लेकरं नुसते ओठ हलवत, उरलेली ओरडत. मग शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता कुणीतरी म्हणायचंच, की या पोरांना सूर म्हणून नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं आणि बोल मात्र नाचणाऱ्यांना.

उमाला हे कळायला त्रेचाळीस वर्षं लागली, आणि ती तर गाण्याच्याच घरातली. तिचे वडील नरहर मास्तर जालन्यात शाळेत संगीत शिकवायचे आणि संध्याकाळी घरी शिकवणी घ्यायचे. पोरगा असो की पोरगी, सगळ्यांना काळी एक. नऊ वर्षांच्या उमानं त्या पट्टीत वर्षभर धडपड केली आणि एक दिवस मास्तरांनी निकाल दिला, "उमाला गळा नाही, हात आहे." तेव्हापासून ती पेटीवर बसली ती बसलीच. कुणाच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायचीसुद्धा तिला धास्ती वाटायची. बापाचा शब्द, त्यात तो गुरूचा. तो कोण खोडणार?

तो खोडला तिच्या मुलीच्या मोबाइलनं. यशश्री बारावीला होती आणि गाणी लावल्याशिवाय तिचा अभ्यास होत नसे. त्यात किमया नावाची एक पोरगी गायची. आडनाव लावत नव्हती, गाणी स्वतःच लिहायची, आणि यशश्रीच्या वर्गातल्या सगळ्या मुली तिच्यावर जीव टाकायच्या. एकदा पोळ्या लाटता लाटता उमा तिच्या मागे गुणगुणायला लागली आणि आपलाच आवाज ऐकून थबकली. तो सरळ वर जात होता, कुठे अडत नव्हता. तव्यावरची पोळी करपली. उमानं हात धुतले, पेटी काढली आणि सूर शोधला. काळी चार. बायकांची पट्टी. तीस-पस्तीस वर्षं ती ज्या दाराला धडका देत होती ते तिचं दारच नव्हतं. त्या दिवशी उमा स्वयंपाकघरात बसून रडली, आणि त्यात आनंद किती आणि राग किती, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

नरहर मास्तर आता एक्याऐंशीचे. लेकीनं त्यांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "चहा टाकतेस का?" एवढंच.

पण शाळेत उमानं मनाशी ठरवलं, की आता लेकरांना बायकांची गाणी द्यायची. सिनेमातली नकोत, त्यांतली अर्धी लेकरांच्या तोंडी शोभत नाहीत. या नव्या पोरींची, ज्या स्वतः लिहितात आणि स्वतः गातात. त्यांचा आवाज लेकरांच्या आवाजाच्या जवळचा असतो. लेकरू ऐकतं आणि तस्संच म्हणतं, मधे काही भाषांतर करावं लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी तिनं चौथीच्या अडतीस मुलांना मोबाइलवर किमयाचं झोक्याचं गाणं ऐकवलं.

हाका मारा, दमून जा,
झोका माझा थांबत नाही,
येईन तेव्हा येईन खाली,
आज मला घाई नाही.

मग तिनं काळी चार धरली. पहिल्या ओळीलाच वर्ग दणाणला. ओठ हलवणारी लेकरं गात होती. त्या सगळ्या आवाजांच्या वर, मागच्या बाकाकडून एक आवाज निघाला आणि उमाची बोटं पेटीवर थांबली. तो आवाज शालूचा होता. शालू, सोमठाण्याच्या रस्त्यावरच्या धनगरवस्तीची. दोन वर्षांत वर्गात तिनं "हजर"खेरीज शब्द काढला नव्हता. आई-बाप मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. पोरीची शाळा बुडू नये म्हणून तिला आजीजवळ, जयवंताबाईजवळ ठेवलेली. आवाज तर तिला जन्माचाच होता. मोकळ्या रानात दोन शेतं पलीकडच्या मेंढीला हाक मारायची तर तो लागतोच. प्रार्थनेत तो कधी ऐकू आला नाही, कारण तिथे त्याला शिरायला वाटच नव्हती.

"तुला कुणी शिकवलं गं गायला?" उमानं विचारलं.

"कुनीच न्हाई, बाई. मी गात नस्ते." शालू घाबरली. "मी मेंढरं बोलवते."

त्यानंतरचे दोन महिने उमाच्या नोकरीतले सगळ्यात चांगले. दर सोमवारी आणि गुरुवारी चौथीचा वर्ग झोक्याचं गाणं म्हणायचा आणि शालू पहिल्या बाकावर आली होती. उमाला त्या पोरीत आपली नऊ वर्षांची उमा दिसायची आणि असं दिसायला लागलं की मास्तरीण जरा आंधळी होते. संस्थेचा नियम होता, की शाळेत शिकवायच्या गाण्यांची यादी आधी मंजूर करून घ्यायची. उमानं यादीत नेहमीची आठ गाणी लिहिली आणि झोक्याचं गाणं लिहिलंच नाही. विचारलं तर नाही म्हणतील, मग विचारा कशाला, असा तिचा हिशेब. आठ वर्षं ती तासिका तत्त्वावर होती. यंदा तिला कायम करण्याचा प्रस्ताव जिल्ह्याला जायचा होता. अशा वेळी माणूस वाघासारखं शिकवतं आणि सशासारखं लपवतं.

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. पाहुणे यायला पाऊण तास उशीर. मैदानात पालक ताटकळलेले, मागची पोरं शिट्ट्या मारायला लागली. संस्थेचे सचिव काकासाहेब पहिल्या रांगेतून हातानं खुणा करून राहिले, चालू द्या, काहीतरी चालू द्या. उमानं पडद्याआड स्वागतगीतासाठी उभ्या असलेल्या शालूचा दंड धरला.

"झोका म्हण."

शालूनं मान हलवली. पोरगी अडाणी नव्हती. "बाई, ते यादीत न्हाई ना."

"मी आहे ना," उमा म्हणाली आणि तिला पुढे ढकललं.

शालू माइकसमोर उभी राहिली. पाय चिकटलेले, हात पाठीमागे. पण गळा उघडला आणि मैदान गप्प झालं. शिट्ट्या मारणारीसुद्धा ऐकायला लागली. शेवटच्या ओळीला लोकांनी टाळ्या वाजवल्या, काकासाहेबांनीही वाजवल्या. शालू पळत आत आली आणि उमाच्या पोटाला बिलगली. पोरीचं अंग तापल्यासारखं गरम होतं. "बाई, बराबर आलं का?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

दोन दिवसांनी पालकांच्या ग्रुपवर एक फोटो आला. किमयाचा, कुठल्याशा कार्यक्रमातला, खांदे उघडे असलेला. खाली लिहिलेलं, ‘ही बाई आणि हिची गाणी आता आपल्या मुलींना शिकवणार का? आई-बापाच्या हाकेला ओ देऊ नका, हाच संस्कार?’ त्याखाली अंगठे आणि संतापलेले चेहरे. कुणी लिहिलं, मोबाइलनं वाटोळं केलं. कुणी लिहिलं, वस्तीवरच्या पोरीला पुढे उभं करून आमच्या पोरींना हेच दाखवायचं होतं का. गाणं झोक्याबद्दल आहे हे त्या दोनशे लोकांपैकी एकानंही लिहिलं नाही. उमानंही लिहिलं नाही. तिनं चार वेळा टाइप केलं आणि चार वेळा पुसलं.

काकासाहेबांनी तिला बोलावलं तेव्हा टेबलावर कागद तयार होता.

"म्याडम, माझा तुमच्यावर बिलकुल राग न्हाई," ते म्हणाले. खरोखरच नव्हता, राग आलेल्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. "पण तुमची फाइल जिल्ह्याला जाऊन राह्यली. अशात गाण्याचं हे लफडं नको. गाणं यादीत न्हाई म्हंजे तुमी शिकवलंच न्हाई. बराबर? पोरीनं ऐकलं कुठं तरी, माइक रिकामा दिसला, म्हनलं. लेकरं म्हणतातच काहीबाही. सही करा, शनिवारी पालकसभेत वाचून टाकू. मामला खतम."

उमानं कागद वाचला. ‘सदर गीत संगीत वर्गात शिकविलेले नसून, विद्यार्थिनी शालू हिने ते मोबाइलवर ऐकून, परवानगी न घेता, स्वतःच्या मर्जीने गायिले.’

"पोरीचं नाव येईल," ती म्हणाली.

"येऊ द्या की. तिचं काय जातं? तिला काय कायम व्हायचंय?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण उमाला तिथे बसल्या बसल्या आठवली. इथला चोर आपण, हेही तिला बराबर कळत होतं. पण तिचा हात दगडाखाली होता आणि तो काढायला फक्त एक सही लागत होती. तिनं मनाची समजूत घातली, की लहान आहे, विसरेल, पुढच्या वर्षी तिला आपण कायम असताना कितीतरी शिकवू. तिनं सही केली. पेन काकासाहेबांचं होतं, ते परत द्यायचं विसरून ती बाहेर आली.

शनिवारच्या सभेला जयवंताबाई आल्या. खुर्च्या असतानाही दारापाशी फरशीवर बसल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ऐकू चांगलं येत होतं. काकासाहेबांनी कागद खणखणीत वाचला, खालची सहीसुद्धा वाचली. खिडकीच्या गजांना धरून चौथीची पोरं उभी होती, त्यांत शालू. आपलं नाव आलं तशी ती उमाकडे बघायला लागली. रडली नाही, घाबरलीही नाही. वाट बघत होती. बाई आता उठतील आणि म्हणतील, न्हाई, मी शिकवलं. एवढी साधी गोष्ट. उमानं फरशीकडे पाहिलं. फरशीवर खडूचा एक तुकडा पडला होता, तो ती सभा संपेपर्यंत बघत राहिली. त्या अडतीस लेकरांना खरं काय ते माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नाही. जाताना जयवंताबाईंनी उमाला दोन्ही हात जोडले.

सोमवारी शालू आली नाही. मंगळवारी नाही, गुरुवारीही नाही. वर्गात झोक्याचं गाणं आता कुणी मागत नव्हतं. उमानं पेटी उघडली की पोरं गप्प बसून तिच्याकडे बघायची आणि तिला काळी एकच धरावी लागायची. पुढच्या सोमवारी शाळा सुटल्यावर ती वस्तीवर गेली.

जयवंताबाई लंगड्या मेंढीच्या पायाला हळद बांधत होत्या. बाईंना बघून त्या गडबडीनं उठल्या, पदर सावरला, बाज टाकली.

"शालू कुठाय?"

"बापानं नेली. तीर्थपुरीकडं मेंढरं बसलीत त्याची, तिकडं." आणि मग म्हातारीनं उमाचे पायच धरले. "माफी करा, बाई. पोरगी लबाड निघाली. घरी आल्यावर म्हनली, बाईनंच शिकवलं. तुमचं नाव घेती! मी म्हनलं, बाई कशाला खोटं लिव्हतीन? कागदावर सही हाये त्यांची. आमच्या घरात मोबाइल बटणाचा, त्याच्यात गाणं न्हाई का काही न्हाई. मंग हिनं आयकलं कुठं? तवा कळलं मला, की ही साळंतून येताना दुकानावर पोरांचे मोबाइल बघत बसत आसंल. लई मारली मी तिला. तरी येकच, बाईनं शिकवलं, बाईनं शिकवलं. मंग इंद्रभानला फोन केला. म्हनलं, तुझी पोरगी तुझ्याजवळ ठिव, मी म्हातारी कुठंकुठं पाहू."

 उमाला वाटलं होतं पोरीचं फार तर नाव खराब होईल. तिच्या एका ओळीवर विश्वास ठेवून या घरानं आपलं लेकरू मारलं होतं. बाई खोटं लिहील ही शंकाच या अंगणात कधी आली नव्हती.

"जयवंताबाई, ती खरं बोलत होती. मीच शिकवलं. खोटं मी लिहिलं."

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "किती मोठं मन हाये, बाई तुमचं. तिला वाचवायला तुमी सोतावर घेऊन राह्यल्या. पन कागद आयकलाय मी. कागद काय बोलतो ते आयकलंय."

उमानं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. जयवंताबाई मान डोलवत राहिल्या आणि शेवटी त्यांनी तिच्यासाठी चहा ठेवला. 

जालन्याला परतल्यावर ती स्वतःच्या घरी न जाता वडिलांकडे गेली. मास्तर खिडकीशी बसले होते. तिनं सगळं सांगितलं, एकही गोष्ट न चोरता. तिला वाटलं ते पुन्हा चहा मागतील.

"तुझा गळा मी घालवला," मास्तर म्हणाले. आवाज कापरा, पण शब्द सुटे. "मला कळत नव्हतं म्हणून. मी ते रोज उगाळत बसतो, तुला सांगत नाही इतकंच. पण उमे, तुला तर सगळं कळत होतं."

 

कागदाला कागदच लागणार होता. उमानं रात्रीचा स्वयंपाक उरकून यशश्रीच्या वहीतलं एक पान फाडलं आणि लिहिलं. मोठी अक्षरं, जोडाक्षरं कमीत कमी, चौथीच्या पोरीला वाचता येईल असं. मग त्याच्या दोन प्रती काढल्या. एक तिनं सकाळी काकासाहेबांच्या टेबलावर ठेवली आणि येत्या पालकसभेत वाचायला सांगितली. काकासाहेबांनी ती चष्मा लावून वाचली, घडी घातली आणि खणात टाकली.

"म्याडम, तब्येत ठीक न्हाई का तुमची? हे म्या पाहिलंच न्हाई. जा, तास घ्या."

हात दाखवून अवलक्षण कसं करतात हे उमानं दुसऱ्या दिवशी दाखवलं. प्रार्थना संपली, मुख्याध्यापकांनी डोळे उघडायच्या आत ती पेटीवरून उठली आणि माइक हातात घेतला.  पहिली ते सातवीची लेकरं, अकरा शिक्षक आणि पोरांना सोडायला आलेले पाच-सात पालक, एवढ्यांसमोर तिनं तो वाचला. पहिलीच्या पोरांना काही कळलं नाही. चौथीच्या रांगेतून मात्र एक आवाज आला, "आम्ही सगळेच शिकल्तो की!" आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. दुपारी शिपायानं निरोप आणला, उद्यापासून तासिकेला येऊ नये. आठ वर्षं एवढ्या एका वाक्यात मावली. उमानं पेटीला खोळ घातली, किल्ली शिपायाकडे दिली. गेट ओलांडताना तिला हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. तिला फार भीती वाटली.

रविवारी ती अंबडमार्गे तीर्थपुरीला गेली. स्टँडवर विचारत विचारत, उसाच्या दोन पट्ट्यांमधून चालत ती कापूस उपटलेल्या एका रानापाशी आली. तिथे दोनेकशे मेंढरं बसली होती. मेंढरं दिसायच्या आधीच तिला आवाज ऐकू आला होता. लांब, सरळ, वर जाणारी हाक. उमाची बोटं आपोआप हवेत पट्टी शोधायला लागली. काळी चार. 

शालूनं तिला पाहिलं. हाक मधेच तुटली आणि पोरगी जाळीच्या आड बापामागे जाऊन उभी राहिली. इंद्रभान उंच, वाळलेला माणूस. त्यानं घोंगडी अंथरली, पाणी दिलं. "बाई, येवढ्या लांब? सांगावा धाडला आस्ता तर मीच आल्तो आस्तो."

उमानं तोंडानं काही सांगितलं नाही. तोंडानं सांगून काय होतं ते वस्तीवर कळलं होतं. तिनं कागद पुढे केला. इंद्रभाननं तो उलटसुलट पाहिला आणि मागे हात करून शालूला पुढे ओढलं. "मला न्हाई येत. वाच गं."

शालू वाचायला लागली. बोट ओळीवर ठेवून, एकेक शब्द सुटा करून, वर्गात वाचायची तशी.

"मी, उमा... संगीताची बाई. झोक्याचे गाणे शालूला... मी शिकवले. तिने ते... बाहेर कुठे ऐकले नाही. माझ्या... सांगण्यावरून ती गायली." ती थांबली. पुढचं तिनं आधी मनात वाचलं असावं, कारण तिचा आवाज बारीक झाला. "आधीच्या कागदात मी... खोटे लिहिले. शालू खरे बोलत होती."

"पुन्यांदा वाच. शेवटलं," इंद्रभान म्हणाला.

"शालू खरे बोलत होती."

 इंद्रभाननं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. त्यानं लेकीकडे पाहिलं.

"माझ्या मायनं मारलं हिला," तो म्हणाला. "इथं आल्यावर म्या बी मारलं. एकदा. म्हनलं, बाईवर आळ घेती. तुमच्या कागदापायी मारलं, बाई." तो ओरडला नाही. ओरडला असता तर उमाला बरं वाटलं असतं. "आता ह्यो कागद खरा का पैला खरा, मला कसं कळावं? मला दोनी येकसारखेच दिसतेत."

"तिला विचारा," उमा म्हणाली. "तिला पहिल्यापासून माहीत आहे."

त्यानं खरोखरच विचारलं. पोरीच्या खांद्यावर हात ठेवून, मोठ्या माणसाला विचारावं तसं. "चुकी झाली माझी, शाले. जायचं का साळंत? जायचं आसंल तर उद्याच सोडतो. तुझ्या आज्जीला मी सांगतो काय ते."

शालूनं कागदाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली. मग कितीतरी दिवसांनी ती पहिल्यांदा उमाच्या तोंडाकडे बघत बोलली.

"तुमी हायेत का तिथं?"

उमाला मैदान आठवलं, पडदा आठवला, तो बारका दंड आणि आपले तीन शब्द, मी आहे ना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, पोरीनं माफ केलं, पोरीला अजून आपला आधार हवाय. त्यामुळे खरं सांगणं तिला जास्तच जड गेलं.

"नाही गं, बाळा. मी आता नाही त्या शाळेत. मला काढलं."

शालूनं श्वास सोडला. खांदे खाली आले. बापाकडे वळून ती म्हणाली, "मंग जाते मी."

इंद्रभान वरमला. "आसं बोलू न्हाई बाईला," तो म्हणाला, पण पोरगी तोवर एका चुकार कोकराच्या मागे धावत गेली होती. उमानं पदरानं डोळे पुसले आणि उठली. पोरगी शाळेत जाणार होती, आणि उमा एवढ्याचसाठी आली होती.